शनिवारचं आमंत्रण

ही हकिकत सांगायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. इथं मिशिगनमध्ये, ट्रॉयला, मराठी मंडळींच्या जेवणात काकूंचा विषय निघाला की मी पाणी आणायला उठायचो. मुलीनं दोनदा विचारलं, "बाबा, त्या फुटबॉलवाल्या काकूंनी कॉलेज का सोडलं?" मी म्हणालो, मुलाकडे राहायला गेल्या. ते खोटं नव्हतं. पण खरं सांगायचं, तर त्याच्या आधी माझं नाव घ्यावं लागलं असतं.

काकूंचं आमंत्रण कुणालाही मोडता यायचं नाही, हा त्यांचा पहिला गुण. आवाज बारीक, उंची पाच फुटांच्या आत, साडीवर कॉलेजचं लाल जाकीट आणि पायांत पांढरे स्पोर्ट्स शूज. इंग्रजी जेमतेम. पण त्यांनी समोर उभं राहून "यू कम" म्हटलं की माणूस यायचा. वयानं त्या माझ्याहून चार वर्षांनी लहान, तरी सगळ्यांबरोबर मीही त्यांना काकूच म्हणायचो.

ट्रॉयपासून दोन तासांवर, मक्याच्या शेतांमध्ये, आमचं छोटं सरकारी कॉलेज होतं. तिथं मी तेहतीस वर्षं इंजिनिअरिंग शिकवलं. काकूंना त्यांच्या मुलानं मिशिगनला बोलावून घेतलं, आणि वर्षभरात तो स्वतःच नोकरीसाठी न्यू जर्सीला, पार्सिपनीला गेला. तोवर काकूंना कॉलेजच्या फुटबॉलच्या तिकीट खिडकीवर काम मिळालं होतं. त्या गेल्या नाहीत. "तिथं नुसती बसून काय करू? इथं निदान खिडकी तरी आहे," असं त्यांनी मला सांगितलं होतं.

खिडकी होती, पण तिकिटं घ्यायला कुणी यायचं नाही. हा फुटबॉल म्हणजे अमेरिकेचा, लांबट चेंडू पोटाशी धरून पळायचा. आमची टीम बहुतेक हरायची, आणि बाकांवर खेळाडूंचे आईबाप आणि थंडीनं आखडलेला बँड एवढेच असायचे. विद्यार्थ्यांना तिकीट फुकट होतं, तरी ते येत नसत. ऑफिसनं पोस्टर लावली, टी-शर्ट वाटले, गेटवर पिझ्झा ठेवला. मुलं पिझ्झा घेऊन खोलीवर परत जायची. काकू खिडकीतून बघायच्या. "जेवायला आलेला माणूस जेवून जातो, सर. बोलावलेला माणूस थांबतो. यांना बोलावलंय कुणी?"

मग त्यांनी बोलवायला सुरुवात केली, आणि ती आपल्याकडे लग्नाचं बोलावतात तशी. घरी जाऊन, अक्षत देऊन. गुरुवारी काम संपलं की वाटीत कुंकू लावलेले तांदूळ घेऊन त्या हॉस्टेलच्या मजल्यांवर निघायच्या. दार वाजवायचं, तळहातावर चार दाणे ठेवायचे आणि म्हणायचं, "सॅटर्डे, वन ओ'क्लॉक. यू कम. आय विल लुक फॉर यू." आमच्या टीमचा रंगही लाल, त्यामुळे मुलांना वाटायचं ही टीमचीच काहीतरी जुनी रीत असावी. दाणे खिशात घालून ती यायची.

खरी करामत सोमवारी असायची. कॅफेटेरियात काकू न आलेल्यांना शोधत फिरायच्या. रागवायच्या नाहीत. "यू नॉट वेल?" एवढंच विचारायच्या. आपण आलो नाही हे कुणाच्या तरी लक्षात आलं, याचंच मुलांना नवल वाटायचं. पुढच्या शनिवारी ती मुलं यायची. एकट्यानं जेवणाऱ्यांना त्या सगळ्यांत आधी हेरायच्या आणि बाकांवर मुद्दाम शेजारी शेजारी बसवायच्या. मी म्हटलं, "काकू, ही मॅच आहे का वधूवर मेळावा?" त्या म्हणाल्या, "ओळख करून देते फक्त. पुढचं त्यांचं ते बघतील."

एकदा टीममधला एक आडदांड मुलगा, तीनशे पौंडांचा, खिडकीशी येऊन घुटमळत उभा राहिला. त्याची आई चार तासांवर राहायची आणि एकाही मॅचला आली नव्हती. "तुम्ही तिला बोलवाल का? मी बोलावलं तर म्हणते, बघू." काकूंनी तिथूनच फोन लावला. दोन आयांचं वीस मिनिटं काय बोलणं झालं देव जाणे, कारण त्या बाईचं बोलणं काकूंना कळलं नाही, असं काकूच म्हणाल्या. पण ती बाई आली. टीम त्या दिवशीही हरली.

माझ्याही ऑफिसात त्या एका गुरुवारी वाटी घेऊन आल्या. माझी बायको, सुमन, जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. शनिवार मला खायला उठायचा. मी घरातली घड्याळं बंद करून ठेवली होती.

"सर, शनिवारी यायचं."

"मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही, काकू."

"न कळायला काय झालं? भाऊबंदकी आहे ती. बांध सरकवायचा. चार वेळा जोर लावायचा आणि दहा यार्ड रान ताब्यात घ्यायचं. वाद झाला की मोजणीवाले साखळी घेऊन येतात." आणि खरंच, मैदानाच्या कडेला दहा यार्डांची साखळी घेऊन माणसं उभी असतात. "माझे वडील मोजणी खात्यात होते. मला पहिल्याच दिवशी कळला खेळ."

मी गेलो. त्यांनी मला इथिओपियाच्या एका मुलीशेजारी बसवलं आणि दोघांना थर्मासमधला चहा दिला. त्या हंगामातला एकही शनिवार मी चुकवला नाही. दुसऱ्या वर्षी विद्यार्थ्यांची बाजू जवळजवळ भरायला लागली. काकू खाली कठड्याशी उभ्या राहून, खेळाकडे पाठ करून, बाकांवरचे चेहरे बघत राहायच्या. कोण आलं, कोण नाही.

त्याच वर्षी तक्रार आली. एका पालकानं लिहिलं की कॉलेजची एक कर्मचारी बाई मुलांच्या खोल्यांत जाऊन धार्मिक वस्तू वाटते. सरकारी कॉलेजात हे चालत नाही. त्या आठवड्यात आमच्या विभागातला एकजण जेवताना मला म्हणाला होता, "तुमच्या त्या तांदूळवाल्या बाई माझ्याकडेही येणार का?" सगळे हसले. मीही हसलो. मला लाज वाटली होती, आणि ती त्यांच्या हसण्याची नव्हती. इतकी वर्षं मी त्या टेबलावर इतरांसारखाच एक म्हणून बसलो होतो, आणि काकूंच्या वाटीमुळे मी कुठला ते सगळ्यांना आठवलं होतं.

विद्यार्थी विभागाच्या डीननं मला बोलावलं. बाई सरळ होत्या. म्हणाल्या, "मला यातलं कळत नाही म्हणून तुम्हाला विचारते. हे नुसतं आमंत्रण असेल, आपण कार्ड पाठवतो तसं, तर मी तक्रार इथंच मिटवते. त्यांच्यामुळे मुलं येतात, हे मला दिसतंय."

एक "हो" पुरलं असतं. मी म्हणालो, "हे तांदूळ देवळात, पूजेत वापरतात." हे खरं होतं. मग म्हणालो, "मी स्वतः असलं काही पाळत नाही." हेही खरं होतं. त्यांनी विचारलं, "तुमची त्यांची चांगली ओळख आहे ना?" मी म्हणालो, "फारशी नाही."

डीननं ते लिहून घेतलं.

काकूंना हॉस्टेलमध्ये जायला बंदी झाली. खिडकीही गेली. त्यांना स्टेडियमखालच्या खोलीत खेळाडूंचे कपडे घडी घालून ठेवायचं काम दिलं. तिथं खिडकी नव्हती. मी एकदाच गेलो. त्या जर्सीच्या बाह्या सरळ करत होत्या. "नियम म्हणजे नियम, सर. आपण पाहुणे," म्हणाल्या. मग विचारलं, "ती इथिओपियाची येते का हो अजून?" मी म्हणालो, येते. खरं तर मीच जायचं सोडलं होतं.

हंगाम संपल्यावर त्या पार्सिपनीला गेल्या. कॉलेजनं मोबाइलवर ॲप आणलं. मॅचला आलात की पॉइंट मिळायचे. मुलं गेटवर फोन दाखवायची आणि मागच्या मागं परतायची. पुढे कॉलेजच्या मासिकात एक लेख आला. त्या दोन वर्षांत बाकं भरली ती नव्या जाहिरात मोहिमेमुळे, असं त्यात छापलं होतं. लेख लिहिणाऱ्या मुलीनं मला फोन करून विचारलं होतं. मी म्हणालो, तसंच असेल. तेव्हा आता लिहितो: बाकं काकूंनी भरली. एकटीनं, दारोदार जाऊन.

दोन वर्षांपूर्वी मी पार्सिपनीला गेलो, फक्त काकूंना खरं काय ते सांगायला. मुलगा आणि सून ऑफिसात, नातू शाळेत. काकूंनी चहा टाकला. घर मोठं होतं, आणि फ्रिजचा आवाज दिवाणखान्यापर्यंत ऐकू येत होता.

"इथं कुणाला बोलावता की नाही?" मी विचारलं.

"कुणाला बोलावू? माणसं गाडीतून गॅरेजात जातात, गॅरेजातून घरात. दार वाजवलं तर कॅमेऱ्यातून विचारतात, काय पाहिजे." त्या हसल्या. मग बशी पुसता पुसता म्हणाल्या, "सर, एक राहूनच गेलं. डीनबाई म्हणाल्या होत्या, तुमच्याशी बोलूनच सगळं ठरवलं. मी तेव्हाच ओळखलं, सरांनी शब्द टाकला म्हणून नोकरी तरी राहिली. नाहीतर घरीच पाठवलं असतं. मुलाला मी नेहमी सांगते, तिथं आपलं एक माणूस होतं."

मी कप खाली ठेवला. त्या माझ्याकडे बघत होत्या, सोमवारी कॅफेटेरियात बघायच्या तशा.

"त्यात काय, काकू," मी म्हणालो.

त्यांनी दुसरा कप ओतला. मी तोही प्यालो. दारापर्यंत त्या सोडायला आल्या, गाडी वळेपर्यंत उभ्या होत्या. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मुलाचा मेसेज आला, आई गेली. त्यात त्यानं माझे आभारही मानले होते.

न्यूअर्कच्या विमानतळावरून त्यांच्या घरी जाताना टॅक्सीत मी वाक्य पाठ केलं होतं. चार-पाच प्रकारे म्हणून बघितलं, आणि शेवटी सगळ्यांत छोटं ठेवलं. काकू, मला विचारलं होतं, आणि मी तुम्हाला ओळखत नाही म्हणालो.