खांड बुजवायची राहिली

माझ्या भावोजींचा फोटो पेणच्या एसटी स्टँडसमोर लागला होता, आमदारांच्या फोटोपेक्षा मोठा. कमरेइतक्या पाण्यात उभे, डोक्यावर भांड्यांचं टोपलं, आणि बाजूला टीव्हीतली मृणालीताई त्यांच्या खांद्यावर हात ठेवून. खाली लिहिलं होतं, 'समुद्राने निर्वासित केलेल्यांना आधार द्या'. एरवी भावोजींची थट्टा करायची एक संधी मी सोडत नाही, मेव्हणीचा हक्कच आहे तो. पण त्या दिवशी माझ्या सासरची, जोह्याची गाडी येईपर्यंत मी फलकाकडे पाठ करून उभी राहिले. मला तो फोटो बघवत नव्हता.

पोपट म्हात्रे म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, सरूचा नवरा. गाव कोपरखार, पेणच्या खाडीला अगदी चिकटून. एका बाजूला भातशेती, दुसऱ्या बाजूला खारं पाणी, आणि दोघांच्या मध्ये मातीचा बांध. बांध आहे तोवर गाव आहे, एवढा साधा हिशेब. भावोजी उंच, काटक, आणि आवाज असा की जेवताना मीठ मागितलं तरी शेजारच्या घरातून कोणीतरी मीठ घेऊन यावं. सरू नव्याने नांदायला गेली तेव्हा म्हणायची, "शके, हा मानूस माज्याशी बोलतो का वरडतो, तेच कलत नाय गो."

तो आवाज उगाच नव्हता. बांधाला भगदाड पडलं, त्याला आम्ही खांड म्हणतो, की गावाची जोळ बोलवायची. जोळ म्हणजे घरटी एक माणूस. आजारी असो, घरात बारसं असो, माणूस आलाच पाहिजे. सगळ्यांनी ओळीने उभं राहायचं, चिखलाची घमेली हातोहात पुढे द्यायची, बांबू ठोकायचे, पेंढा भरायचा, आणि खांड बुजवायची. ही हाक देण्याचं काम भावोजींच्या घराण्याकडे. देवळाच्या पायरीवर उभं राहून ते एकदाच ओरडायचे, आणि मिठागरावर गेलेला माणूससुद्धा फावडं घेऊन परत यायचा. आजवर किती खांडी त्यांनी बुजवल्या असतील, त्यांना स्वतःलाही सांगता येणार नाही.

फक्त वेळ साधावी लागते. उधाणाच्या दिवसांत खाडीपुढे कोणाचं चालत नाही. उधाण ओसरलं की मध्ये काही दिवस पाणी मलूल होतं, भरती आली तरी अर्ध्यावरून मागे फिरते. त्याला भांग म्हणतात. खांड बुजवायची ती भांगातच. भांग गेला की पुढचं उधाण येतं आणि खांड वाढवून जातं. हे आमच्या खाडीकाठच्या खारेपाटातलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणूनच जे झालं त्याचा मला इतका संताप येतो. माहीत नसलेल्या माणसाची चूक सोडून देता येते. माहीत असलेल्यांना काय म्हणायचं?

त्या श्रावणात बांधाला खांड गेली. फार मोठी नव्हती. लावलेल्या भातात खारं पाणी शिरलं, खालच्या आळीतल्या पाचसहा घरांच्या अंगणात आलं. वाईटच, पण गावाने याहून वाईट पाहिलं होतं. भावोजींनी बांबू काढून ठेवले, पेंढा बांधला आणि भांगाची वाट बघत बसले.

तेवढ्यात सुजयचा फोन आला. हा सुजय मुंबईच्या एका संस्थेचा. समुद्र वाढल्यामुळे घरदार सोडावं लागणाऱ्या लोकांसाठी ही संस्था काम करते आणि मृणालीताई त्यांचा चेहरा. मृणालीताई कोण, हे सांगायला नको. रोज साडेआठला थोरली सून म्हणून त्या आमच्या घरात यायच्या, आणि सासूने त्यांना छळलं की जोह्याच्या निम्म्या कारखान्यांत गणपती रंगवणारे हात थांबायचे. त्या कोपरखारला येणार! सुजय म्हणाला, ताई आल्या की सगळं जग बघेल. सरकारला बघावं लागेल. दगडी बांध होईल, कायमचा. फक्त एक करा, त्या येईपर्यंत खांड बुजवू नका. बुजवलेली खांड दाखवून कोणाला काय कळणार?

गावाने दगडी बांध मागता मागता दोन पिढ्या घालवल्या होत्या. देवळात बैठक झाली. भावोजी म्हणाले, "दरसाल आमी चिखल टाकतो, दरसाल खाडी नेते. एकदा जगाला बघू दे. थांबू या." सगळ्यांनी माना डोलावल्या. बायकांच्या बाजूने एकटी सरू बोलली, "पाहुनी येईल नि जाईल. भांग कोनासाठी थांबत नाय. आदी खांड बांदा."

"दोन दिसांचा तर सवाल हाय," भावोजी म्हणाले.

दोन दिवसांवर ताई येणार होत्या. मग त्यांच्या चित्रीकरणाची शिफ्ट लांबली आणि दिवस पुढे गेला. मग पुन्हा पुढे गेला. भावोजी रोज बांधावर जाऊन पाण्याकडे बघून यायचे आणि रोज सुजयला फोन करायचे. तो रोज म्हणायचा, काका, उद्या नक्की. खोटं बोलत नव्हता बिचारा, त्यालाही तसंच सांगितलं जात होतं. बांबू अंगणात पडून होते. शेवटी भांग सरत आला तेव्हा त्या आल्या.

मीही गेले होते. ऐन हंगामात मूर्तींवर फडकं टाकून, नवऱ्याच्या शिव्या खाऊन गेले. आणि खरं सांगते, बाई चांगली होती. चिखलात चप्पल रुतली तर काढून हातात घेतली. खालच्या आळीतल्या धोंडुबाईंच्या ओल्या चुलीपाशी बसली आणि रडली. ते रडणं कॅमेऱ्यासाठीचं नव्हतं, टीव्हीवरचं तिचं रडणं मी रोज बघते, मला फरक कळतो. कॅमेरावाल्याने भावोजींना डोक्यावर टोपलं घेऊन खांडीतून चालायला सांगितलं. ते चालले. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "काका, तुम्ही एकटे नाही." भावोजींनी मान खाली घालून डोक्यावरचं टोपलं उगाच सावरलं. मी सरूला कोपराने ढोसून म्हटलं, "बघ, कसा लाजलाय तुझा नवरा." सरू हसली नाही. ती पाण्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी जोळ उभी राहिली, पण पाणी चढायला लागलं होतं. बांबू ठोकावेत आणि ते दात पडल्यासारखे निघून यावेत. अमावस्येच्या उधाणाने खांडीच्या दोन्ही बाजू खाल्ल्या. हातांनी बुजवायची गोष्ट राहिली नाही. पुढच्या उधाणाला खारं पाणी देवळाच्या पायरीला लागलं, आणि कोपरखारची माणसं गाठोडी घेऊन पेणच्या एका सभागृहात येऊन पडली.

ताईंनी शब्द पाळला. ती चित्रफीत खरंच सगळ्या जगाने पाहिली. परदेशातल्या कुठल्याशा परिषदेत त्या कोपरखारचं नाव घेऊन बोलल्या. मंत्री आले, टेम्पो भरभरून चादरी आल्या, बिस्किटं आली, नव्याकोऱ्या साड्या आल्या. दगडी बांधाचंही सगळे बोलले. पण बांध बोलून होत नाही, आणि माणसांना आजच छप्पर लागतं. संस्थेने खोल्या शोधल्या. एका गावाला एका ठिकाणी कोण जागा देणार? जिथे मिळेल तिथे माणसं गेली. काही निडीला, काही पनवेलला, काही इथेच पेणला. भावोजी आणि सरू रोह्याला, पुलापलीकडच्या अष्टमी गावात एका चाळीत. भावोजींना एका कंपनीच्या गेटवर कामाला लावलं. गणवेश, शिट्टी, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात. ज्याच्या एका हाकेला गाव गोळा व्हायचं, त्याला साहेबांनी सांगितलं की जरा हळू बोला. मी त्यावरून एकदा थट्टा केली, मग पुन्हा नाही केली.

मदत वाईट नव्हती. मदत नसती तर ही माणसं रस्त्यावर आली असती, हे मी कबूल करते. पण प्रत्येक घराला वेगळीकडे मदत मिळाली, आणि घर वेगळीकडे गेलं की घरटी एक माणूस आणायचा कुठून? खाडीने गाव बुडवलं, पण जोळ आम्ही मोडली.

बुडालेल्या शेतांत तिवरं, खाऱ्या चिखलातली ती झाडं, उगवली. तिवराला हात लावायचा नाही असा कायदा, म्हणजे ती गुडघ्याच्या वर गेली की शेत कायमचं गेलं. भावोजी सुट्टीच्या दिवशी जाऊन ती रोपं बघून यायचे. घरी येऊन जेवायचे नाहीत. सरू काही बोलायची नाही. 'थांबू या' हे त्यांचे शब्द होते, आणि तिने त्यांना त्यांची कधी आठवण करून दिली नाही. तिने एकदा भडाभडा बोलून टाकलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं. भावोजीही त्याचीच वाट बघत असावेत.

वर्षाने संस्थेने रोह्यात कार्यक्रम ठेवला. मृणालीताई येणार म्हणून जिथे जिथे कोपरखारची माणसं होती तिथे बस पाठवल्या, आणि गाव सोडल्यापासून पहिल्यांदा सगळे एका छपराखाली आले. मीही सरूशेजारी बसले होते. भावोजींनी चार शब्द बोलायचे होते. सुजयने त्यांच्याकडून आभाराचे शब्द पाठ करून घेतले होते.

ते स्टेजवर गेले. समोर बसलेल्या माणसांवरून त्यांची नजर फिरत राहिली, एका घरावरून दुसऱ्या घरावर. मग त्यांनी माइक बाजूला सारला.

"उद्या सकाली!" तो जुना आवाज सभागृहात घुमला. "भांग लागलाय! घरटी एक मानूस, फावडा घेऊन बांधावर या! तिवरं अजून लहान हायेत. अजून येल गेली नाय!"

पुढच्या रांगेतल्या धोंडुबाई उठून उभ्या राहिल्या. मग मृणालीताईंनी डोळे पुसले आणि टाळ्या वाजवल्या. त्यांना ते भाषण वाटलं. त्यांच्या मागून सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं, आणि गावची माणसंही वाजवायला लागली. हाकेला टाळ्या वाजवल्या की हाक संपते. नंतर जेवणाची पाकिटं वाटली आणि बस ज्या त्या गावाला निघून गेल्या.

सकाळी मी जोह्याहून बांधावर गेले. भावोजी आणि सरू पहिल्या गाडीने आले होते. भावोजींनी खाडीला नारळ दिला, घमेली काढून ठेवली आणि वाट बघितली. मिठागरावरचा म्हातारा सखा ठाकूर काठी टेकत आला, खांड बघितली, म्हणाला, "आता हिला मशीन लागंल, पोपट," आणि बांधावर बसून राहिला. निडीच्या कोणाचा तरी फोन आला की सुट्टी मिळत नाही. बाकी कोणी आलं नाही. मला राग आला, पण कोणाचा ते ठरवता येईना. कंत्राटी नोकरीला एक दिवस दांडी मारली की ती नोकरी दुसऱ्याची होते.

भावोजी तरी खाली उतरले. त्यांनी घमेलं भरलं आणि सवयीने बाजूला पुढे केलं, पुढच्या माणसाच्या हातात द्यायला. तिथे कोणी नव्हतं. हात तसेच पुढे धरून ते उभे राहिले आणि मग, मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं तसे, रडायला लागले. "सरू, मी थांबवलं गो सगल्यांना," ते म्हणाले. "बोल ना काय तरी. एकदा तरी बोल."

सरू साडी खोचून चिखलात उतरली. तिने त्यांच्या हातातलं घमेलं घेतलं, खांडीपर्यंत गेली आणि पाण्यात ओतलं. चिखल क्षणभर दिसला, मग वाहून गेला. रिकामं घमेलं तिने पाण्यात धुतलं.

"चला," ती म्हणाली. "दुपारची शिफ्ट हाय तुमची."