पंख्याचं सर्किट

दादानं एका जुन्या पेट्रोल जीपमध्ये भंगारातनं आणलेलं जपानी डिझेल इंजिन बसवलं, तेव्हा मी पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला होते. विषय इलेक्ट्रॉनिक्स, वर्गात आम्ही तिघीच मुली. घर कोल्हापुरात राजारामपुरीत, दादाचं गॅरेज उद्यमनगरात. वडील गेल्यापासून घरात त्याचाच शब्द चालायचा.

नवं इंजिन लांबीला जास्त होतं. त्याचा पट्ट्यावर फिरणारा पंखा आणि रेडिएटर यांच्यात बोटभर जागा उरेना. म्हणून दादानं तो पंखा काढून टाकला आणि रेडिएटरच्या पुढच्या अंगाला विजेवर चालणारा लावला. त्याचं बटण डॅशबोर्डवर. इंजिन तापलं की दाबायचं, गार झालं की बंद करायचं. पण त्यासाठी सतत कुणीतरी तापमानाचा काटा बघत बसायला हवं, आणि ते काम माझ्याकडं आलं.

मे महिन्यात मावशीकडनं, रत्नागिरीहून परत येताना आंबा घाटात गाडी उकळली. मी वेळेवर सांगितलं होतं, त्यानं बटण दाबलंही होतं. पण पंख्याचा सगळा करंट त्या एवढ्याशा बटणातनं जायचा, आणि ते आतल्या आत जळून गेलं होतं. बॉनेटमधनं वाफा निघत होत्या, दोन ट्रकवाले थांबून बघत होते. त्यांच्यादेखत दादा माझ्यावर ओरडला, "येक काटा बघायला सांगितला तुला, त्येबी जमंना व्हय?"

आई दगडावर बसून पदरानं वारा घेत होती. "पोरीला कशाला बोलतोयस?" एवढंच ती म्हणाली. मी जळकं बटण उपसून दादाच्या हातात दिलं. त्यानं ते दरीत भिरकावलं.

घरी आल्यावर मी कामाला लागले. पाण्याचं तापमान ओळखणारा सेन्सर, त्याच्या इशाऱ्यावर चालणारे दोन रिले, म्हणजे पंख्याचा मोठा करंट सोसणारे स्विच. पाणी तापायला लागलं की पंखा हळू फिरणार, फारच तापलं की फुल, गार झालं की आपोआप बंद. आईच्या चहाच्या पातेल्यात सेन्सर सोडून, शेजारी थर्मामीटर धरून मी आठवडाभर पाणी उकळत होते. पहिलं सर्किट साबणाच्या डबीत बसवलं आणि मूर्खासारखं सायलेन्सरच्या पाइपाजवळ लावलं. डबी वितळली. ती चूक माझीच. दुसरं पत्र्याच्या डब्यात घालून डॅशबोर्डखाली बसवलं. त्यात एक गोष्ट वाढवली. सेन्सरची वायर तुटली तर सर्किटला पाणी गार आहे असंच वाटतं आणि पंखा बंद राहतो. म्हणून वायर तुटताक्षणी पंखा फुल चालू होईल, अशी जोडणी केली. या एका गोष्टीचा मला सगळ्यात जास्त अभिमान होता.

पुढच्या खेपेला आम्ही भर दुपारी गगनबावड्याचा घाट चढलो. पंखा आपला आपण चालू होत होता, बंद होत होता. वर पोहोचल्यावर दादानं बॉनेटवर हात ठेवून बघितला. "बरं झालंय," तो म्हणाला. त्याच्या तोंडून मला मिळालेलं कौतुक तेवढंच, आणि मी ते कितीतरी दिवस पुरवून वापरलं.

पावसाळ्यानंतर शिरोलीच्या माळावर बदल केलेल्या गाड्यांचा मेळावा झाला. मी आणि आई डबा घेऊन गेलो होतो. पुण्याकडचे एक जण डॅशबोर्डखाली वाकून बघत विचारत होते, "हे कुणी केलं?"

"म्याच की, पावणं," दादा म्हणाला. "डोस्कं लावलं थोडं."

मी चार हातांवर उभी होते. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "ताटं काढ, भुका लागल्यात."

मग मागणी सुरू झाली. दादा रिकामे डबे आणून द्यायचा, मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर सोल्डरिंग करायचे, तो त्यांवर गॅरेजचं लेबल चिकटवायचा. एकदा धीर करून म्हटलं, "गॅरेजच्या कोपऱ्यात मला एक टेबल दे. गाडीवर लावून तपासता येईल."

"गिऱ्हाईकं काय म्हणतील? भैनीला कामाला लावलंय म्हणतील. गॅरेज काय पोरींची जागा हाय?"

मला बघायला इचलकरंजीची मंडळी आली, तेव्हा मुलीला काय काय येतं ते दादानंच सांगितलं. स्वयंपाक, शिवण, रांगोळी. डिप्लोमा झालाय एवढं ओघात सांगितलं. मी चहाचा ट्रे धरून उभी होते. बोटांवर सोल्डरिंगचे डाग होते. लग्नाच्या आदल्या आठवड्यात त्यानं वही पुढं केली. "सगळं नीट काढून दे. कुणाकडनंबी करून घेता आलं पायजे." मी दिलं काढून. त्या जादा जोडणीभोवती लाल पेनानं चौकट केली आणि लिहिलं, हे वगळू नये.

लग्नाला दोन वर्षं झाली असतील. एका दुपारी बिद्रीकडचे एक बागायतदार इचलकरंजीला आमच्या दारात आले. पिशवीतनं त्यांनी पत्र्याचा डबा काढला.

"ताई, ह्येच्या नादानं माझ्या जीपचं इंजिन गेलं की. तुमचा भाऊ म्हणतोय, सर्किट भैनीनं काढलंय. बायकांच्या हातचं काम, असं व्हायचंच म्हणतोय."

इतक्या वर्षांत ते सर्किट माझं आहे असं दादानं पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं होतं.

मी डबा उघडला. लाल चौकटीतला भाग नव्हताच. विचारल्यावर त्यांनी सांगितलं, जीपच्या सेन्सरची वायर घासून तुटलेली सापडली होती. म्हणूनच पंखा गप्प बसला होता. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला सांगून मी त्यांच्याबरोबर कोल्हापूरला गेले. गॅरेजमध्ये दोन मिस्त्री काम करत होते. मी डबा बाकड्यावर ठेवला.

"मी लिहिलं होतं, वगळू नये. कुणी वगळलं?"

दादा हात पुसत आला. "कारागिराला किचकट वाटलं. म्हटलं, नसलं तर काय बिघडतंय?"

"मग ह्यांना माझं नाव का सांगितलंस?"

"तुझंच हाय न्हवं सर्किट?" मग खालच्या आवाजात म्हणाला, "माहेरची अब्रू चव्हाट्यावर मांडायला आलीस व्हय?"

"माझी मांडलीस, तेव्हा?"

तो पुन्हा हात पुसायला लागला. बागायतदारांना मात्र नवं इंजिन बसवून द्यायचं त्याला सगळ्यांसमोर कबूल करावं लागलं. त्या दिवाळीत त्यानं मला भाऊबीजेला बोलावलं नाही. आई एकटीच एसटीनं करंज्यांचा डबा घेऊन आली. "जाऊ दे, त्याचा स्वभावच तसला," म्हणाली. घाटातल्या दगडावरही ती एवढीच माझ्या बाजूनं बोलली होती, हे मला तेव्हा पहिल्यांदा टोचलं.

पुढं मी यंत्रमागांच्या मोटरचे पॅनेल दुरुस्त करू लागले, घराच्या पुढच्या खोलीत, दारावर माझ्या नावाची पाटी लावून. नव्या गाड्यांत पंख्याचं सगळं कारखान्यातनंच बसून यायला लागलं. दादाच्या डब्यांना कुणी विचारेना.

आईच्या वर्षश्राद्धाला आम्ही भेटलो. पंगतीत कुणीतरी माझ्या कामाचं विचारलं, तसा दादा मोठ्यानं म्हणाला, "आमच्या हिला ल्हानपणापास्नं लई कळतंय यातलं. गॅरेजमध्ये मीच शिकवलोय की तिला."

नातेवाईक माना डोलवत होते. मी वाढायला घेतलेलं आमटीचं पातेलं खाली ठेवलं. बोलायचं होतं, पण आईचा फोटो समोर होता आणि लोक जेवत होते. मी आत जाऊन हात धुतले, पिशवी उचलली आणि कुणाला न सांगता स्टँडवर आले. इचलकरंजीची गाडी लागलेलीच होती. खिडकीजवळची जागा मिळाली. हातकणंगले येईपर्यंत मी त्याला द्यायचं उत्तर जुळवत होते, आणि ते चांगलं जुळलंही.