ओळखीची पुस्तकं

आत्या कॉलेजच्या ग्रंथालयात एकोणीस वर्षं परिचर होती. पुस्तकांच्या पाठीवर ग्रंथपाल साहेबांनी ठरवलेले क्रमांक लिहायचे, परत आलेली पुस्तकं जागेवर लावायची आणि साहेब डुलक्या काढत असताना त्यांचंही बाकीचं काम उरकायचं. साहेब निवृत्त होणार असं कळलं, तेव्हा त्या खुर्चीसाठी ती त्रेचाळिसाव्या वर्षी ग्रंथालयशास्त्राच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर वर्गात जाऊन बसली. पंचेचाळिशी ओलांडली की त्या जागेसाठी अर्जच घेत नाहीत, म्हणजे परीक्षा एकदाच द्यायची होती.

मीही त्याच वर्गात होते. दुसरं काही धड जमेना म्हणून वडिलांनी घातलं होतं. आमच्या प्राध्यापकांनी जन्मात एका पुस्तकावरची धूळ झटकली नसेल, पण ‘अनुभव म्हणजे ज्ञान नव्हे’ असं आत्याला येता-जाता ऐकवायचे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. आत्या मुकाट्यानं लिहून घ्यायची आणि घरी आल्यावर मलाच शिकवायची.

वर्गीकरणाच्या प्रात्यक्षिकाला वीस पुस्तकं आली. कोष्टकांचे जाडजूड खंड उघडायचे, विषय शोधायचा, क्रमांक ठरवायचा. मी घाम पुसत पानं उलटत होते. आत्यानं खंडांना हातच लावला नाही. विसांतली बारा पुस्तकं तिच्या कपाटांतली होती, त्यांचे क्रमांक तिला तोंडपाठ; उरलेल्या आठांचे तिनं अनुभवावर घातले. सगळ्यांच्या आधी पेपर देऊन ती हसत बाहेर पडली.

मधमाशीपालनाचं पुस्तक शेतीत हवं होतं. साहेबांनी ते किड्यांमध्ये घातलं होतं. बारांपैकी नऊ क्रमांक असेच, साहेबांच्या डुलकीतले. आत्या इतकी वर्षं सुबक अक्षरात तेच लिहीत आली होती. ती तीन गुणांनी नापास झाली आणि मी पास.

“अर्ज कर,” ती म्हणाली.

“तुझ्या जागेवर? डोकं फिरलंय का तुझं?”

“मग काय परक्याच्या घशात घालू? उगाच नाटकं करू नकोस.”

लाज वाटली, तरी केला. मुलाखतीत विचारलेलं सगळं तिनंच शिकवलेलं होतं.

त्या खुर्चीवर बसायच्या पहिल्या दिवशी तिनं मला ग्रंथालयाच्या दारातच थांबवलं.

“इथं मला आत्या म्हणू नकोस. तू आत्या म्हणालीस की मी मोठी होते. मग तू सांगितलेलं काम माझ्या हातून व्हायचं नाही.”

मग काय म्हणायचं, ते तिनं सांगितलं नाही आणि मला विचारवलं नाही. अकराच्या सुमाराला एक पुस्तक हवं होतं. शेवटी टेबलावरची घंटा वाजवली. ती लगेच आली.