जास्तीचं ताट

बाळू, घराला कुलूप लावताना माझ्या तोंडातनं सवयीनं "येतो गं" गेलं. तू इचारलंस, "दादा, कुणाला सांगालाय?" मी कुलूप वढून बघितलं. तुझी वैनी जाऊन तीन महिने झालते. सुनी मला पोलंडला न्यायला आलती. "आण्णा, हितं एकटं भिताडाशी बोलत बसण्यापरास चला," म्हणाली. लेकीपुढं काय चालतंय? गेलो.

हितं दुपारी तीनलाच अंधारून येतंय. रस्त्यावर माणूस न्हाय, कुत्रं न्हाय, नुसतं बर्फ. शिरोळला पूर आला तरी म्हसरं हंबरायची. हितली शांतता कानात जाऊन बसती. आई सांगायची, महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत आसऱ्याला आलेली पोलंडची माणसं सणाला गाणी म्हणत रडायची. तवा मला हसू यायचं.

नाताळात सुनीच्या हापिसची माणसं एकट्या म्हाताऱ्यांना एका हॉलात जेवू घालत्यात. फुकट सेवा. मीबी गेलो. फौंड्रीत तीस वर्सं काढलेल्या गड्याला बटाटं सोलायला शाळा लागती व्हय? तिथली मुख्य हेलेनाबाई. तिची बोली मला कळंना, माझी तिला. तरी काम चाललं. टेबलाच्या पांढऱ्या कापडाखाली ते लोक वाळलं गवत पसरत्यात. वास आला आन् आपला गोठा डोळ्यापुढं उभा ऱ्हायला.

शेवटच्या खुर्चीपुढं एक ताट जास्तीचं मांडलतं. तिथं कोण बसलं न्हवतं. आपल्यात मांडलेलं ताट कोण मोकळं ठेवतंय? मी वाढलं. बटाटा भरून उकडलेली करंजीसारखी फळं, वर बिटाचं सार. वाढताना तोंडातनं गेलं, "खा आता पोटभर."

तुला सांगितलं न्हाय, आज सांगतो. दवाखान्यात डॉक्टरनं तुझ्या वैनीचं खाणंपिणं बंद केलतं. ती म्हणायची, "वाईच आंबील द्या की वो." मी खेकसलो, "गप पड." दोन दिवसांनी गेली. उपाशी गेली, बाळू.

सगळे उठल्यावर मी ताटं गोळा करायला लागलो. त्या ताटातलं सगळं गेलतं. काटा-चमचा कोरडा, जिथल्या तिथं. आन् ताटात बोटभर पाणी, फिरवलेलं, बिटानं तांबूस. जेवण झालं की तुझी वैनी असंच ताटात पाणी घालून बोटानं फिरवायची आन् पिऊन टाकायची. तू थट्टा करायचास, "वैनी, घासायला तरी काय ठेवा की."

हेलेनाबाईनं ताट बघितलं आन् छातीवर हात फिरवून क्रूस केला. सुनी हळूच म्हणाली, "आण्णा, ते ताट अवचित येणाऱ्या पावण्याचं. रिकामंच ठेवत्यात. त्या म्हणत्यात, तिथं कोण बसलंच न्हाय."

"ताट बघितलंय मी," म्हणालो. ताट उचललं आन् ते पाणी पिऊन टाकलं. बाहेर बर्फ, हॉलात गारठा, पण पाणी गार न्हवतं. भ्यालो न्हाय म्हणणार न्हाय.

तू फोनवर सारखं इचारतोस, दादा घरला कवा येणार? काय सांगू? जमीन तिथं, भावकी तिथं, तिची राख तिथल्याच नदीत. शिरोळला आपलं घर हाय, हे कोण न्हाय म्हणतंय? पण ती जेवली हितं. जिथं ती पोटभर जेवली, तिथनं माझा पाय निघंना झालाय.