अंजनीने मीटर काढून नेलं

बेलवलीत अंजनीचा मिरच्या-मसाला कुटायचा डंक होता. नवरा गेल्यावर तिने दागिने मोडून यंत्र आणलं. गाळा हरिचंद्रशेठचा, भाड्याचा. पण डंकाला लागणारं थ्री-फेज कनेक्शन तिने स्वतःच्या नावावर घेतलं होतं. त्यासाठी वीज कार्यालयात चपला झिजवल्या. कधी साहेब जागेवर नाहीत, कधी ट्रान्सफॉर्मरवर लोड शिल्लक नाही. वर्ष तसंच गेलं.

धंदा जमला. मिरच्यांच्या पिशव्या घेऊन पार अंबरनाथहून बायका यायला लागल्या आणि शेठच्या डोळ्यांत ते खुपायला लागलं. ऐन हंगामाच्या तोंडावर तो म्हणाला, "अंजनी, गाळा खाली कर. आमच्या अल्पेशला डंक टाकायचाय."

"शेठ, हंगाम तरी काढू द्या."

"मग पोराने काय पावसात मिरच्या कुटायच्या?" शेठ हसला.

ते हसणं तिला झोंबलं. पण ती भांडली नाही. यंत्र टेम्पोत घालून कुळगावला भावाच्या अंगणात नेलं. हाताखालची सखू मात्र जास्त पगारावर अल्पेशकडेच राहिली.

चावी घेताना शेठ म्हणाला, "मीटर राहू दे. नाव मागाहून बदलू."

अंजनीने चावी त्याच्या हातावर ठेवली. दुसऱ्याच दिवशी तिने कनेक्शन कायमचं बंद करायचा अर्ज दिला.

वायरमन आला तो नेमका उद्घाटनाला. मांडव, हार, पाहुणे, पेढे. भटजींनी नारळ फोडला, अल्पेश बटण दाबणार तेवढ्यात वायरमनने लाइन तोडली आणि मीटर पिशवीत टाकलं. अंजनी समोरच्या रसवंतीत बसून बघत होती. तिने आणखी एक ग्लास मागवला.

अल्पेश धावत आला. "मावशी, काय हे? सगळे पाहुणे आलेत!"

"नवीन अर्ज टाक. मी टाकला होता तसा."

वीज कार्यालयात शेठचंही काही चाललं नाही. पावसाळा लागला तरी गाळा बंदच. सखू घरी बसली. तिची दया अंजनीला आली नाही.

अंजनीचा डंकही ताडपत्रीखाली पडून होता. कुळगावात नव्या कनेक्शनचा तिचा अर्जही अडकलेला.

भाऊ चिडला. "तुझापण हंगाम गेला. काय मिळवलंस?"

"त्याचा गेला ना?" म्हणत तिने भाकरी मोडली. त्या दिवसांत तिला भूक चांगली लागत होती.