एकवीस दिवसांची सुई

"मायट्रल स्टेनोसिस," बेळगावच्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडं धरून सांगितलं. मला काही कळलं नाही हे बघून त्यांनी कागदावर काळजाचं चित्र काढलं. डाव्या बाजूला वर एक कप्पा, खाली एक कप्पा, आणि मधे झडप. ही झडप अरुंद झाली की रक्त पुढं सरकत नाही, मागं फुप्फुसात तुंबतं, आणि माणसाला दम लागतो. माझ्या मुलीची, शालनची, झडप तशी झाली होती. ती तेरा वर्षांची होती. साल एकोणऐंशी.

"लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का?" त्यांनी विचारलं.

"आलता," माझी बायको इंदू म्हणाली. "नऊ वर्सांची असताना."

"मग पेनिसिलिनची इंजेक्शनं चालू असतील."

"दोन वर्सं घेतली. मग आमच्या डॉक्टरांनीच बंद केली. आता गरज न्हाय म्हणाले."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कुठला डॉक्टर असं सांगतो?"

मी शेजारीच बसलो होतो. कागदावरचं चित्र बघत राहिलो.

आमच्या डॉक्टरांनी तसं कधीच सांगितलं नव्हतं. त्यांच्या नावावर ते मी सांगितलं होतं. पुढं नऊ वर्षं मी हे कुणाजवळ बोललो नाही. आज लिहितोय, कारण ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांना औषधाची माहिती कुठंही मिळेल, पण माणूस आपल्या डॉक्टरशी कसा चुकतो हे सहसा कुणी लिहीत नाही.

आम्ही निपाणीचे. मी चिकोडीला सरकारी कचेरीत कारकून, रोज एसटीनं जाऊन येऊन. आमचे डॉक्टर म्हणजे आण्णा. गल्लीतले सगळे त्यांना आण्णाच म्हणत. त्यांच्या घरात कन्नड बोलत, दवाखान्यात मात्र आमच्यासारखंच मराठी. माझी दोन्ही पोरं त्यांच्या देखत जन्मली. शालनला ताप येऊन गुडघे सुजले तेव्हा त्यांनी दोन दिवसांत ओळखलं. 'ऱ्हुमॅटिक फीवर' म्हणाले. म्हणजे घसा दुखण्यातून येणारा, सांध्यांना धरणारा ताप. सांधे बरे होतात, पण तो काळजाच्या झडपांना इजा करतो, आणि पुन्हा पुन्हा आला तर जास्त करतो. तो परत येऊ नये म्हणून दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. वीस-पंचवीस वर्षांची होईपर्यंत.

"पोरगी नाचाय लागली तरी सुई चुकवायची न्हाय, वसंता," ते म्हणाले होते. "बरी दिसती म्हणून बंद करतात, तितंच घात होतो."

दोन वर्षं एकही सुई चुकली नाही. दिवस भरला आणि आम्ही गेलो नाही, तर आण्णांचा कंपाउंडर दारात येई.

सत्त्याहत्तर साली बेळगावात सीमाप्रश्नाचा मोर्चा होता. कचेरीत न सांगता मी गेलो, तीन दिवस राहिलो. परत आलो तर टेबलावर कन्नडमधली नोटीस. गैरहजर का होता, खुलासा करा. बरोबरच्या दोघांनी आपापल्या डॉक्टरांकडून आजारी असल्याचे दाखले आणले. मी आण्णांकडं गेलो.

"मोर्चाला गेलतास, तर गेलतो म्हणून लिही की," आण्णा म्हणाले. "ताप आलता म्हणून मी कसं लिहू? तुझी नाडीबी बघिटली न्हाय मी."

"सगळे डॉक्टर देतात, आण्णा."

"देत असतील. उद्या शालनला मोठ्या दवाखान्यात धाडायचं झालं तर माझ्याच सहीचा कागद घिऊन जाशील न्हवं? ती सही खोटी असून चालंल का?"

बरोबर बोलत होते ते. पण बाकावर चार पेशंट बसलेले, सगळे ऐकत होते. मला ते सोसलं नाही.

"सरळ सांगा की," मी म्हणालो. "तुमच्या माणसांच्या विरुद्ध गेलतो, म्हणून देईनासा."

 आण्णा दाराकडं तोंड करून म्हणाले, "पुढचा कोण हाय? आत या."

मला नोकरीत काही झालं नाही. साहेबांनी समज देऊन सोडलं. दहा दिवसांनी शालनच्या सुईचा दिवस आला. इंदूनं आठवण केली. त्या दवाखान्याची पायरी मला चढायची नव्हती, आणि भांडण का झालं हे तिला सांगायचंही नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "आण्णांनी बंद केलीया. बरी झाली म्हणाले."

कंपाउंडर दोनदा आला. दोन्ही वेळा दारात मीच होतो. त्याला म्हणालो, "आता आमी बेळगावात घेतो." म्हणजे घरात आण्णांच्या नावावर खोटं, आणि आण्णांना घराच्या नावावर.

वर्ष गेलं, दीड वर्ष गेलं. शालन शाळेत जाई, खेळे. मला वाटलं, डॉक्टर लोक उगीच भीती घालतात.

मग एका थंडीत तिचा घसा धरला. पंधरा-वीस दिवसांनी घोटा सुजला, तो उतरला तर गुडघा. मी तिला बसस्टँडजवळच्या नव्या डॉक्टरांकडं नेलं. भले गृहस्थ होते. त्यांनी नीट विचारलं, "हिला पूर्वी काही मोठा आजार?"

"न्हाय," मी म्हणालो.

हो म्हणालो असतो तर औषध कुणाचं होतं, का थांबलं, हे पुढं आलं असतं. त्यांनी माझ्या शब्दावर दुखण्याच्या गोळ्या दिल्या. सूज उतरली. चार-सहा महिन्यांत शालन शाळेचा जिना चढताना मधेच बसायला लागली. एकदा खोकताना थुंकीत रक्त दिसलं, तेव्हा बेळगाव गाठलं.

तिथं अकरा दिवस राहिलो. ईसीजी, म्हणजे काळजाच्या ठोक्यांचा आलेख. रक्त. पुन्हा एक्स-रे. मीठ बंद, अंथरुणावरून उठायचं नाही, लघवी जास्त होण्याच्या गोळ्या. व्हरांड्यात बाकावर बसून मी येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय बघत असायचो. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आधीचे कागद आणा. पहिला ताप कधी, इंजेक्शनं किती, काळजात तेव्हा काय ऐकू येत होतं, हे त्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं असेल तर मला हवं आहे."

मी निपाणीला आलो. आण्णा दवाखान्यात एकटेच चहा घेत होते.

"बस," ते म्हणाले. मी उभाच राहिलो.

"इंदू भेटलती बाजारात, काल कपडे न्यायला आलती तवा," ते म्हणाले. "पोरीचं काळीज तुमी खाल्लासा म्हणाली. सुई तुमीच बंद केलासा म्हणाली. तवा मला कळालं तू घरात काय सांगितलाईस ते."

"तुमी काय म्हणाला?"

"भर रस्त्यात बाई रडालती. तिच्यासंगट काय वाद घालू?" त्यांनी कपाटातून शालनचं कार्ड काढलं. "बेळगावात घेतो म्हणालतास, मी खरं मानलं. एकदा घरला येऊन बघाय पाहिजे होतं. मलाबी राग हुता, वसंता."

त्यांनी दोन पानं इंग्रजीत लिहिली. प्रत्येक सुईची तारीख, ठोक्याचा प्रत्येक आवाज. मी एसटीत ती वाचली. शेवटी लिहिलं होतं, उपचार अमुक तारखेनंतर थांबले, कारण मुलीचे वडील सांगतील.

बेळगावच्या डॉक्टरांनी ते वाचून मान वर केली. "काय कारण?"

इंदू शालनच्या उशाशी उभी होती. "कामामुळं जमलं न्हाय," मी म्हणालो. आण्णांना सांभाळून घ्यायला मी दोष माझ्यावर घेतोय, असा इंदूनं त्याचा अर्थ लावला. मी तो तसाच राहू दिला.

सुया परत सुरू झाल्या, गावातल्या दुसऱ्या डॉक्टरांकडं. इंदूनं आण्णांच्या दवाखान्यात पाऊल टाकलं नाही. शालन सोळाची असताना मिरजेला ऑपरेशन झालं, 'व्हॉल्व्होटॉमी'. छाती उघडून, चालत्या काळजात बोट घालून सर्जन झडप मोकळी करतात. तीन तास लागले. ती वाचली, दम कमी झाला. पण झडप पहिल्यासारखी होत नाही, हे सर्जननी आधीच सांगितलं होतं. आण्णा मला रस्त्यात थांबवून विचारत, "तारीख चुकवीनास न्हवं?" शहाऐंशी साली ते गेले. मी स्मशानात मागं उभा होतो. इंदू आली नाही.

गेल्या वर्षी शालनला स्थळ आलं. मुलगा चांगला होता. बेळगावच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, बाळंतपण जिवावरचं आहे, सासरच्यांना आधी सांगा. सांगितलं. ते परत आले नाहीत. त्या दिवशी इंदू आण्णांच्या नावानं बोलायला लागली. "मेला, पर माझ्या पोरीचा जल्म घालवून मेला."

शालन भाजी निवडत होती. मी म्हणालो, "आण्णांनी न्हाय. सुई मी बंद केली." आणि मोर्चापासून सगळं सांगितलं.

इंदू एवढंच म्हणाली, "त्या माणसाला मी भर बाजारात बोलले." आणि उठून आत गेली.

शालनच्या हातातली भाजी तशीच होती. "आप्पा," ती म्हणाली, "मला वाटायचं माझ्यामुळं बंद झाली. सुई लई दुखायची. एकदा मी आण्णांच्या पाया पडून म्हणालते, मला नको सुई. त्यांना माझी दया आली, म्हणून त्यांनी बंद केली, असं वाटायचं मला. आयी त्यांना शिव्या द्यायची तवा मी गप बसायची."

अकरा वर्षं ती हे घेऊन जगली होती. झडपेचं नुकसान एक्स-रेत दिसलं होतं. हे मला कुणीही दाखवू शकलं नसतं.

आपल्या डॉक्टरवर रुसा, भांडा, हवं तर दुसरा गाठा. पण दुसऱ्याला पहिल्याचं सगळं सांगा, आणि घरात त्याच्या तोंडी आपलं बोलणं घालू नका. माझ्याजवळ याहून जास्त शहाणपण नाही.

आण्णांची सून आता त्याच दवाखान्यात बसते. तिच्याकडंच जायचं असं इंदूनं ठरवलं. पहिल्या दिवशी आम्ही तिघं गेलो. सूनबाईंनी जुनं कार्ड वाचलं, ते दुसऱ्या डॉक्टरांच्या कागदांशी ताडून बघितलं आणि विचारलं, "इथं मधे दोन वर्षं खंड का पडला?"

 शालननं माझ्याकडं बघितलं.

मी सांगितलं.