मापाच्या वहीत नसलेला तांबे

तांबे गेला तेव्हा त्याचा कोट माझ्या टेबलावर उसवलेला पडला होता. आणि मी त्याच्यावर रागावलेलो होतो. खरं सांगायचं तर अजूनही आहे. पाच-सहा आठवडे होऊन गेले, गेलेल्या माणसावर कसला राग धरायचा, असं बायको रोज सांगते. पण मी काय करू? त्या शनिवारी सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर केलं आणि नितीनचा फोन आला. "मास्तर, तांबेकाका गेले. पहाटे, झोपेतच." मी विचारलं, "कोण तांबे?" वीस वर्षं ज्या माणसाने माझं डोकं खाल्लं, त्याच्याबद्दल मी विचारतो, कोण तांबे! कारण माझ्या डोक्यात अजून मंगळवार चालू होता. मंगळवारी आमचं जोरात वाजलं होतं. तो तणतणत पायरी उतरला आणि मी मागून ओरडलो, "मेला तो कोट आता, तांबे! सोड त्याला!" कोटाबद्दल बोललो होतो मी. पण तोंडातून शब्द गेला तो गेलाच...

माझं दुकान लालबागला, एका चाळीच्या जिन्याखाली. वडिलांनी सुरू केलेलं. सूट, सफारी, शर्ट-पँट असं सगळं शिवायचो. आता लोक मॉलमधून कोट आणतात आणि माझ्यापुढे टाकून म्हणतात, "मास्तर, फक्त बाही आखूड करा." गौतम तांबे काळाचौकीचा. फोर्टातल्या एका जुन्या ऑफिसच्या इमारतीत लिफ्टमन होता. पहिल्यांदा दुकानात आला तो खाकी युनिफॉर्मवरच, बरोबर शेजारचा नितीन. नितीनला नोकरीचा इंटरव्ह्यू होता आणि तांबेला त्याच्यासाठी कोट हवा होता. मी म्हटलं, पोरगं हुशार असेल तर शर्टातही घेतील की. तर हा बाबा भडकला. "मास्तर, मी रोज माणसं वर नेतो आणि खाली आणतो, मला शिकवू नको. कोटवाला पोरगा आला की वॉचमन त्याला सर म्हणतो आणि लिफ्ट दाखवतो. आमच्या चाळीतला शर्टावर आला की त्याला जिना दाखवतो. पाच मजले चढून घामाने निथळलेला पोरगा साहेबापुढे काय डोंबल बोलणार?" माझी सगळी चिडचिड तिथूनच सुरू झाली.

शिवून घेणं त्याला परवडणार नव्हतं. म्हणून मीच त्याला दादरच्या एका रेडिमेडच्या दुकानात सेलला घेऊन गेलो. टेलरने गिऱ्हाईक रेडिमेडच्या दुकानात न्यायचं, म्हणजे स्वतःच्याच पोटावर पाय! वडील असते तर त्यांनी मला टेपनेच फोडला असता. तिथे मी त्याला कोट कसा बघायचा ते दाखवलं. कापड मुठीत चुरगळ आणि सोड, सुरकुती राहिली तर ठेवून दे. अस्तर उलटं करून आतल्या शिलाईत किती कापड दाबलंय ते बघ. खांदा नीट हवा, कारण बाकी सगळं बदलता येतं, खांद्याला हात घातला की कोटाची वाट लागते. आणि घ्यायचाच तर दोन माप मोठा घे, लहान करता येतो, लहानाचा मोठा होत नाही. सेल्समन राखाडी दाखवत होता, चॉकलेटी दाखवत होता, याचं लक्षच नाही. तांबेच्या घरच्या भिंतीवर जी तसबीर आहे, तिच्यातला कोट निळा आहे. त्यामुळे रंगाचा प्रश्नच नव्हता. कोट एकटा मिळत नव्हता, पँटसकट घ्यावा लागला. मी म्हटलं, पँट ठेव घरी, पोरं आपापली काळी घालतील. आणि एक सांगून ठेवतो, सूट ड्रायक्लीनला द्यायचा तर जोडीनेच द्यायचा, नाहीतर एकाचा रंग उतरतो आणि दुसऱ्याचा तसाच राहतो. "बरं," तो म्हणाला. मी हे सांगितलं होतं, हे मी पुढे साफ विसरलो.

कोट नितीनच्या मापाचा केला. नितीनला नोकरी लागली, बँकेत. मला वाटलं, संपलं. कसलं संपतंय! दोन महिन्यांनी तांबे तोच कोट घडी करून पिशवीत घालून हजर. बरोबर दुसरा पोरगा, काडीसारखा. "मास्तर, याच्या अंगावर बसव." मग तिसरा आला तो ढेरपोट्या, चौथ्याचे हात गुडघ्यापर्यंत. दर वेळी उसवायचं, कच्चे टाके घालायचे, ट्रायल घ्यायची, पक्की शिलाई मारायची आणि पुढचा आला की पुन्हा उसवायचं. टेलरला उसवायला सांगणं म्हणजे स्वयंपाकिणीला भात शिजवून पुन्हा तांदूळ करून दे म्हणण्यासारखं आहे. मी चिडायचो. "अरे, नवा घ्या की पोरांनो, सेल लागलेत!" तांबे दाराच्या चौकटीला टेकून उभा असायचा, आत यायचाच नाही. म्हणायचा, "नोकरी लागली की घेतील. लागायच्या आधी कुठून घेणार?" इंटरव्ह्यूच्या दुसऱ्या दिवशी पोरगा कोट परत करायला यायचा, तेव्हाही हा चौकटीला. इंटरव्ह्यू कसा झाला हे कधी विचारायचा नाही. एकच प्रश्न. "लिफ्टने गेलास ना?"

सत्तावीस पोरं झाली. सगळ्यांची मापं माझ्या वहीत आहेत. मी दर वेळी म्हणायचो, तांबे, तुझा एक कोट शिवतो, शिलाई नको देऊस, फक्त उभा राहा. गळ्यातला टेप काढून मी त्याच्याकडे वळलो की तो माझा हात बाजूला करायचा. "मला कोट घालून कुठे जायचंय? लिफ्टमध्ये? पोराचं घे आधी." रिटायर झाला तेव्हा मी म्हटलं, आता तरी! तर म्हणतो, "आता तर लिफ्टपण नाही." असा हट्टी माणूस. बरं, गोड बोलून हट्ट करील तर शपथ.

त्या मंगळवारी त्याने सुमेधला आणलं. सुमेध व्यायामशाळेत जाणारा, छाती चव्वेचाळीस. मी कोट उसवून बघितला तर आत दाबलेलं कापड संपलेलं. वीस वर्षांत सगळं बाहेर काढून झालं होतं, टाक्यांच्या भोकांनी शिलाईच्या कडा चाळणीसारख्या झाल्या होत्या. मी म्हटलं, नाही होणार. तांबे म्हणाला, "पँट आहे ना घरी. तिचं कापड काढ आणि बगलेखाली पट्टी घाल." मी म्हटलं, "अरे, कोट सत्तावीस जणांच्या घामाने विटलाय, पँट कोरी असेल. पट्टी ठिगळासारखी दिसेल. लोक हसतील पोराला." तो म्हणाला, "दिसणार नाही." मी विचारलं, तुला काय माहीत? "मला माहीत आहे." एवढंच. समजावून सांगेल तर तो तांबे कसला! माझं डोकंच फिरलं. मी काय बोललो ते वर लिहिलंच आहे. तो पायरीवर थांबला आणि म्हणाला, "कोट नाय मेला मास्तर, तू कंटाळलायस." आणि गेला. ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

तांबेच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात सगळी पोरं आली. पोरं कसली, टकलं पडलीत काहींची. एवढ्या उकाड्यात प्रत्येक जण स्वतःचा कोट घालून आला होता, काकांसाठी. मला भरून आलं, आणि त्यातही दोघांच्या कोटाच्या मागच्या फटीवर कंपनीचा फुलीचा टाका तसाच! तो घालण्याआधी कापायचा असतो, एवढं वीस वेळा सांगितलं असेल मी. उठून कात्री लावावीशी वाटली. कार्यक्रम झाल्यावर नितीन म्हणाला, "मास्तर, आम्ही ठरवलंय. काकांचा कोट काचेच्या कपाटात ठेवायचा, त्यांच्या फोटोशेजारी. तुम्ही तो काकांच्या मापाचा करून द्या. एवढं शेवटचं." सुमेध मागेच उभा होता. महिनाअखेरीला त्याचा इंटरव्ह्यू होता. मी नितीनला हो म्हणून आलो. मेलेल्या माणसापुढे दुसरं काय म्हणणार?

दुकानात येऊन वही काढली. नितीनचं माप आहे. काडीचं आहे, ढेरपोट्याचं आहे, लांब हातांच्या पोराचं आहे, सुमेधचंही आहे. तांबेचं नाही. पुन्हा पहिल्या पानापासून बघितली. नाही. वीस वर्षं हा माणूस माझ्या दारात उभा होता, आणि त्याचा खांदा किती इंच, हे मला ठाऊक नाही. अरे, मी टेलर आहे! रस्त्याने जाणाऱ्याची कंबर मला नजरेने कळते. याच्याकडे मी बघितलंच नव्हतं, याने आणलेल्या पोरांकडेच बघत होतो.

दोन दिवसांनी रत्नावहिनी आल्या, तांबेच्या घरच्या. हातात पिशवी. "हे मंगळवारी घरी आल्यावर म्हणाले होते, ही पँट मास्तरला नेऊन दे, शहाणा बघेल आणि गप्प बसेल. मग राहूनच गेलं..." मी पँट कोटाशेजारी पसरली. मग दोन्ही उचलून दाराबाहेर उन्हात नेली. रंग एकच. अगदी एकच, कोट जेवढा विटला तेवढीच पँट विटलेली. मी म्हटलं, वहिनी, हे कसं? "कोट ड्रायक्लीनला गेला की पँटपण जायची. मास्तरने सांगितलंय म्हणायचे, जोडी तोडायची नाही." माझंच वाक्य! "पण नुसत्या धुण्याने एवढी नाही झिजत," मी म्हटलं, कारण गुडघ्यावर कापड बसलं होतं, खिशांच्या कडा पातळ झाल्या होत्या. वहिनी म्हणाल्या, "कोट ज्या दिवशी जायचा ना, त्या दिवशी हे ती पँट घालून जायचे. ड्युटी बदलून घ्यायचे. पोरगं आत गेलं की हे समोरच्या फुटपाथवर उभे. पोरांना सांगू नको म्हणायचे, उगाच दडपण येतं." मी पँट उलटी केली. कंबर आत घेतलेली होती, हाताने, वाकड्यातिकड्या टाक्यांनी. "तुम्ही घेतली?" "नाही. त्यांनीच. तुमच्याकडे आणली तर तुम्हाला कळलं असतं."

सत्तावीस वेळा! आणि मला एकदाही बोलला नाही. मी खूप चिडलो, वहिनींसमोरच, "असा कसा हो हा माणूस?" म्हणून ओरडलो आणि मग मलाच रडू आलं. वहिनींनीच मला पाणी दिलं. मग मी त्यांना विचारलं. पोरांना कोट काचेच्या कपाटात हवाय. सुमेधला अंगावर हवाय. सुमेधसाठी करायचा तर ही पँट कापावी लागेल, आणि तांबेचं माप जगात फक्त या पँटीत आहे. तुम्ही सांगा. वहिनींनी पँटीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "कपाटात ठेवलेला बघितला तर ते तुम्हालापण शिव्या घालतील आणि मलापण. कापा."

नितीनला फोन करून सांगितलं, कोट मिळणार नाही, ड्युटीवर जायचाय. तो आधी रागावला. पँटीचं सांगितल्यावर त्याने पुन्हा कपाटाचं नाव काढलं नाही. बगलेखाली दोन पट्ट्या घातल्या. कुणाच्या बापाला कळणार नाही अशा बसल्या. सुमेध इंटरव्ह्यूला जाऊन आला आणि दुसऱ्या दिवशी कोट परत करायला दुकानात उभा राहिला. निकाल यायचाय. मी विचारलं, "लिफ्टने गेलास ना?" तो हो म्हणाला आणि दाराच्या चौकटीकडे बघायला लागला. मीही बघितलं. कोट आता माझ्याच दुकानात, टेबलामागच्या खिळ्याला टांगलेला असतो.

पँटीला कात्री लावण्याआधी मी एक केलं होतं. टेप लावून वहीत लिहून घेतलं. गौतम तांबे. कंबर चौतीस, लांबी एकोणचाळीस. त्यापुढचे रकाने तसेच आहेत. छाती, खांदा, बाही, काही नाही. रोज वही उघडतो आणि ते पान येतं, आणि रोज माझं डोकं फिरतं. अरे, दोन मिनिटं लागतात रे तांबे माप घ्यायला... दोन मिनिटं आत येऊन उभा राहिला असतास तर काय बिघडलं असतं?